चौथ्या गाण्याआधीचा खोकला

श्रोते मंडळाचं पत्रक
५ मार्च

सभासदहो,

पुस्तकांच्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून तिथे प्लेअर मांडणाऱ्या, घरच्यांची बोलणी खाऊन एकेक रेकॉर्ड जमवणाऱ्या माझ्या दोनशे अकरा सभासदांनो, हे पत्रक तुम्हाला लिहिते आहे, कारण फसवणूक तुमची झाली आहे.

आपण रेकॉर्डकडे परत का आलो, ते आधी आठवा. फोनमध्ये कोटभर गाणी आहेत आणि त्यातलं एकही आपलं नाही. सकाळी होतं ते गाणं कंपनीच्या मनात आलं की संध्याकाळी गायब. आपल्याला हातात धरता येईल, उलटवता येईल, पुसून ठेवता येईल आणि मरताना कुणाच्या तरी हवाली करता येईल असं काहीतरी हवं होतं. लोक हसले. आपल्या दंतवैद्य सभासदाच्या बायकोनं प्लेअरचं नाव 'सवत' ठेवलं, ते अजून चालू आहे. हसू द्या. आपण हट्टानं टिकलो, आणि आता बाजार आपल्यामागे धावत आला आहे. प्रत्येक दुकानात रेकॉर्डचा कोपरा आहे आणि प्रत्येक कव्हरवर तीन शब्द छापलेले आहेत: मूळ टेपवरून थेट. या तीन शब्दांवर विश्वास ठेवून आपण खरेदी करतो.

गेल्या महिन्यात सूतगिरणीतल्या बायकांच्या गायनमेळ्याची रेकॉर्ड एक्कावन्न वर्षांनी पुन्हा निघाली. तुम्ही सगळ्यांनी घेतली. तीस बायका पाळी संपल्यावर गिरणीच्या जेवणघरात गायल्या, आणि त्यांची ही एकच रेकॉर्ड निघाली. त्या तिसांत माझी आई होती. तीस आवाजांतून तिचा आवाज मला कधीच वेगळा काढता आला नाही. पण चौथं गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत कुणीतरी खोकतं. कोरडे दोन ठसके, त्यातला दुसरा तोंडावर हात दाबून धरलेला. तो माझ्या आईचा. कापसाचा धुरळा बावीस वर्षं गिळलेल्या छातीचा. त्या अख्ख्या रेकॉर्डवर ती एकटी ऐकू येते ती एवढीच.

नव्या रेकॉर्डवर तो खोकला नाही. आपले सभासद क्रेनवाले काका यांच्याकडे जुनी प्रत आहे. दोन्ही शेजारी लावून ऐकल्या. टेप कात्रीनं कापून खोकला काढला असता, तर तेवढी जागाही गेली असती. इथे शांतता तेवढ्याच लांबीची आहे आणि तिच्यातून फक्त आई उचलून नेली आहे. हे काम कॉम्प्युटरवरच होतं. म्हणजे आवाज टेपवरून थेट आलेला नाही, आणि कव्हर खोटं बोलतं.

मी ग्राहक तक्रार मंडळाकडे अर्ज करते आहे. आपल्याला एक जाणता साक्षीदार हवा. तो कोण, हे मला माहीत आहे.

अध्यक्षा

(पत्रकाच्या मागे, हातानं)
दादा, छापील मजकूर सगळ्यांना, ही ओळ तुला. रेकॉर्डच्या तबकड्या कोरणारा माणूस आपल्या घरातच असताना मी बाहेर कुठे शोधू? साक्षीला तू यायचंस.


११ मार्च

प्रिय भोंग्या,

तुझं पत्रक मिळालं. लहानपणी तुला हे नाव मी ठेवलं तेव्हा ते इतकं शोभेल असं वाटलं नव्हतं.

इथे कामाला उसंत नाही. चार प्रेस दिवसभर रेकॉर्ड दाबत असतात. मी ज्यावर साच्याची तबकडी कोरतो ते यंत्र भंगारवाल्याच्या आवारातून उचलून आणलेलं, पण आता असं गुळगुळीत फिरतं की बघत राहावं. जुना कारखाना बंद झाला तेव्हा मी मोटारदुरुस्तीच्या गाळ्यात पाने फिरवत वीस वर्षं काढली, हे तुला माहीत आहे. आता सत्तराव्या वर्षी तिशीतली पोरं मला 'सुईवाले' म्हणतात आणि मी खोलीत आलो की उठून उभी राहतात. पहिल्या दिवशी लाखेच्या तबकडीवर सुई टेकवली आणि कोरलेल्या लाखेचा तो काळा धागा सुटायला लागला, तेव्हा मधली वीस वर्षं गेलीच नाहीत असं वाटलं.

आता तुझ्या खोकल्याबद्दल. तुझी सुई किती वर्षांची आहे? झिजलेल्या सुईनं बारीक आवाज हरवतात. काकांची प्रत एक्कावन्न वर्षं वाजलेली आहे, तिच्यात खरखर किती आणि खोकला किती, कोण सांगणार? तक्रारीची घाई करू नकोस. हा धंदा नुकता कुठे पायांवर उभा राहतो आहे. इथे त्रेचाळीस माणसं काम करतात.

साक्षीचं जमेलसं वाटत नाही. रजा मिळत नाही. आणि फोन करू नकोस. तू ओरडतेस, आणि माझे कान अजून कामाचे आहेत.

दादा


१८ मार्च

दादा,

सुई बदलली. दंतवैद्याच्या दवाखान्यात त्याचा महागडा प्लेअर नेऊन ठेवला आहे, तिथे जाऊन ऐकलं. बाहेर चार रोगी गाल धरून बसलेले आणि आत दंतवैद्य, क्रेनवाले काका आणि मी श्वास रोखून खोकल्याची वाट बघतोय. एका बाईनं दार ढकलून विचारलं की आत नक्की काय चाललंय. खोकला नाही. सात वेळा ऐकलं, सातही वेळा नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मी विचारलं खोकल्याचं आणि तू सांगितलंस त्रेचाळीस माणसांचं. दादा, मी त्या माणसांच्या विरुद्ध नाही. मला एकच माणूस हवा आहे. देशात असे कारखाने तीन, त्यात कोरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. तुम्ही सगळे एकमेकांना ओळखता. आईची रेकॉर्ड कुणी कोरली, त्याचं नाव मला कळव. त्या गृहस्थाला मी मंडळासमोर उभा करीन आणि तूच मला शिकवलेला प्रश्न विचारीन.

तू परत कामाला लागलास तेव्हा किती ऐटीत लिहिलं होतंस: इथल्या सगळ्यांना मी पहिला नियम घालून दिला आहे, रीळ आधी दिव्यासमोर. मला ते पाठ झालंय. उजेड आरपार आला तर टेप जुन्या जातीची, तिला ऊब चालत नाही. उजेड अडला तर नंतरच्या जातीची, ती चिकट झाली असेल तर भट्टीत आठ तास मंद शेकायची, म्हणजे पुन्हा वाजते. मी त्याला एवढंच विचारणार आहे: बाबा रे, रीळ दिव्यासमोर धरलं होतंस का? टेप कधी पाहिली तरी होतीस का?

नाव कळव. सुनावणी ९ मेला आहे.

तुझी धाकटी


२४ मार्च

भोंग्या,

नाव कळण्यासारखं नाही. अर्ज मागे घे. रेकॉर्ड चांगली वाजते, लोक आवडीनं ऐकतात, आणखी काय हवं? एका खोकल्यासाठी एवढा आटापिटा आईला आवडला नसता.

दादा


२ एप्रिल

दादा,

आईला काय आवडलं नसतं हे मला शिकवू नकोस.

मी अकरा वर्षांची होते. आईचा डबा द्यायला गिरणीत गेले होते. मुकादम बायकांना सांगत होता की खिडक्या उघडल्या तर सूत तुटतं, तेव्हा खिडक्या बंदच राहतील. आईनं चप्पल काढली आणि तिच्या टाचेनं खिडकीची खिटी वर मारली. मग शेजारणीनं दुसरी उघडली, मग आणखी दोघींनी. मुकादमानं आईचा अर्ध्या दिवसाचा रोज कापला, आणि ती घरी येऊन हसत सांगत होती की अर्ध्या दिवसाची हवा तरी खाल्ली. ही आपली आई. तू तेव्हा रेकॉर्डच्या कारखान्यात, तबकडी कोरणाऱ्या वस्तादांच्या हाताखाली लागला होतास, म्हणून तुला ठाऊक नसेल.

तुझी पत्रं आखडत चालली आहेत. चार ओळींचं पत्र तू मला आयुष्यात लिहिलं नाहीस. तुझ्या मॅनेजरबाई तुमची पत्रं वाचतात का? कुणी तुला दम दिला आहे का? तसं असेल तर पुढच्या पाकिटावर तिकीट उलटं लाव. मी समजून घेईन, आणि मग मी आहे आणि त्या आहेत.

प्रकाशकाचं उत्तर आलं आहे. म्हणतात, तबकडी ज्यानं स्वतः कोरली त्या कारागिराचं सही केलेलं प्रमाणपत्र आहे, की आवाज मूळ टेपवरून थेट घेतला. पुढच्या आठवड्यात प्रत मिळेल. मिळू दे. नाव तू सांगितलं नाहीस तरी ते आपणहून सांगणार आहेत.

धाकटी


१० एप्रिल

दादा,

प्रमाणपत्राची प्रत मिळाली.

सही वाचायची गरज पडली नाही. चौथीत मी गणितात नापास झाले तेव्हा माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तू केली होतीस, आणि शेवटची रेघ खाली ओढून तिला गाठ मारल्यासारखा एक फास घातला होतास. बाईंनी ते ओळखलं नाही. मी पन्नास वर्षं ओळखते आहे.

आता तूच लिही. मी वाट बघते.


१७ एप्रिल

प्रिय भोंग्या,

पाकिटावरचं तिकीट सरळ लावलं आहे. माझी पत्रं कुणी वाचत नाही, मला कुणी दम दिला नाही. जे लपवलं ते मीच लपवलं.

आईचं रीळ ऑक्टोबरात आमच्या कारखान्यात आलं. खोक्यावर वस्तादांचं अक्षर होतं. एक्कावन्न वर्षांपूर्वी ते रीळ जेवणघरातून कारखान्यापर्यंत मी मांडीवर घेऊन आलो होतो. वस्तादांनी तबकडी कोरली आणि सुटणारा धागा ओढून घेणारी नळी मी धरून बसलो होतो. खोकला आला तेव्हा वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आमची आई. ते म्हणाले, राहू दे मग.

त्या आठवड्यात शेकायला अकरा रिळं आली होती. अकराही मी दिव्यासमोर धरली. बारावं आईचं. ते मी धरलं नाही. का, हे मी सहा महिने स्वतःला विचारतो आहे. मला वाटलं, हे तर माझ्या माहितीचं. घरच्या माणसाची कुणी झडती घेतं का? चिकट लागली, म्हणून शेकायला ठेवली. गिरणीच्या लोकांनी त्या काळी कुठली तरी जुनी शिल्लक टेप वापरली होती, ती उजेड आरपार जाणाऱ्या जातीची निघाली. आठ तासांनी भट्टी उघडली तेव्हा टेप वाळलेल्या सालीसारखी वळली होती. हळूच सोडवायला गेलो, तर बोटांत तुकडे आले. चौथ्या गाण्याचा तुकडा कोणता, हेही कळलं नाही.

मॅनेजरबाई आल्या. आरडाओरडा केला नाही. त्या म्हणाल्या, कव्हरं छापून झाली आहेत, आणि वीस वर्षांपूर्वी कुणीतरी याच टेपवरून कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेली नक्कल प्रकाशकाकडे आहे. ती मागवली. तिच्यातला आवाज असा धुऊन काढलेला होता, की बायका गिरणीत गायल्या की दवाखान्यात, ते सांगता येऊ नये. खोकला नव्हता. मला तो नाही हे पहिल्याच ऐकण्यात कळलं. मी तबकडी कोरली. मग प्रमाणपत्र समोर आलं, त्यावरही सही केली.

एक गोष्ट मात्र मी केली. वस्तादांचा रिवाज तुला कधी सांगितला नसेन. शेवटची रेघ संपते आणि कागदी लेबल सुरू होतं त्यामध्ये एक गुळगुळीत पट्टी असते. तिथे कोरणारा हातानं खूण ओढतो. एक रेघ म्हणजे मूळ टेप. दोन रेघा म्हणजे नक्कल. आणि फुली म्हणजे मूळ आता जगात उरलेलं नाही. ही खूण प्रत्येक प्रतीवर उठते, पण बघत कुणी नाही. दुसऱ्या बाजूच्या पट्टीवर मी दोन रेघा आणि फुली ओढली आहे.

आता तू जे म्हणशील ते मला मान्य आहे. फक्त एवढं सांग: कारखान्याचं नाव गेलं तर या त्रेचाळीस माणसांना मी काय सांगू? मी गाळ्यात वीस वर्षं काढली आहेत. त्यांनी काढू नयेत.

दादा


२३ एप्रिल

दादा,

पत्र दाराशीच वाचलं. मग रेकॉर्ड खिडकीशी नेली आणि तिरपी धरली. दोन रेघा, फुली. माझ्या नखाएवढी. मी ती रेकॉर्ड इतक्या वेळा ऐकली आणि एकदाही पाहिली नाही. तेव्हा न बघण्याबद्दल मी तुला फार बोलावं असा माझा अधिकार नाही.

टेप गेली, त्याबद्दल मी रडले. ते तुझ्यावर चिडून नव्हतं. हात चुकतो. वस्तादांचाही चुकला असेल. पण सही करताना तुझा हात चुकला नाही, दादा. तू खरं बोललास ते सुई जिथे शेवटी पोचते आणि उचलली जाते त्या पट्टीवर, नखाएवढ्या अक्षरात, कुणी विचारणार नाही अशा बेतानं. आणि खोटं बोललास ते कागदावर, मोठ्यानं, सरकारी शिक्क्याखाली. मी भोंगा आहे. मला हे उलटं हवं आहे.

त्या त्रेचाळीस जणांना काय सांगायचं, ते आईच्या गिरणीला विचार. बायकांना बजावलं होतं की धुरळ्याबद्दल बाहेर बोलू नका, गिरणी बंद पडेल. खिडक्या उघडणाऱ्या चौघीजणी सोडल्या तर कुणी बोललं नाही. गिरणी बंद पडायची ती पडलीच. मालक दुसऱ्या धंद्यात गेला. बायकांकडे उरला तो खोकला. आणि आता तोही पुसून विकला जातो आहे, वर तुझी सही.

लोक रेकॉर्ड घेतात ते आवाज फार गोड लागतो म्हणून, असं तुझ्या प्रकाशकाला वाटतं. फोनवरही गोड लागतो. लोक घेतात ते कुणीतरी आपल्याशी खरं वागेल म्हणून. तेवढा एक भरवसा या धंद्याच्या पोटात आहे. तो गेला, तर तुझ्या चार प्रेस पुन्हा भंगारात जातील, आणि या वेळी त्यांना तिथून कुणी उचलून आणणार नाही.

कव्हर खरं छापा, एवढीच माझी मागणी आहे. 'टेप नष्ट झाली, ही नक्कल आहे.' मी ती तरीही विकत घेईन. आईचा मेळा आहे.

९ मेला ये आणि मोठ्यानं सांग. आला नाहीस, तर मी तुझ्या सहीचा कागद हातात धरून बोलेन, आणि तू माझा भाऊ आहेस हेही सांगेन. तुला आधी कळवते आहे, कारण मागून वार करायचं आईनं शिकवलं नाही.

धाकटी


२८ एप्रिल

प्रिय भोंग्या,

तुझं पत्र खिशात होतं तेव्हाच मॅनेजरबाईंनी बोलावलं. प्रकाशकाच्या वकिलानं रेकॉर्ड भिंगाखाली तपासली आणि विचारलं, ही खरवड कसली. बाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, रेघांचा अर्थ आणि फुलीचा अर्थ. खोट्यावर एकदा सही केली होती, दुसऱ्यांदा जीभ वळली नाही.

आता नीट वाच. प्रकाशक जाहीर करणार आहे की पहिल्या खेपेत 'किरकोळ दोष' राहिला, दुकानात जुनी प्रत परत करा आणि सुधारित प्रत न्या, वर एक मोठं चित्र फुकट. तीच नक्कल, तेच कव्हर, फक्त नवी तबकडी. पट्टीवर एकच रेघ ओढायची, मूळ टेपची. मला मंगळवारी, म्हणजे आजच, ती कोरायला सांगितली होती. परत आलेल्या प्रती ते चुरा करून पुन्हा वितळवणार. सुनावणीच्या दिवशी फुली असलेली एकही प्रत बाहेर राहू नये, असा बेत आहे. मग मी म्हणजे कामावरून काढलेला, कुरबुर करणारा एक म्हातारा.

मी यंत्र सुरू केलं, तबकडी फिरायला लागली, सुई तापली. मग मी यंत्र बंद केलं आणि ॲप्रन काढून खुंटीला लावला. बाई म्हणाल्या, दुसऱ्या कारखान्यातून माणूस येईल, उद्या. मी म्हटलं, येऊ दे.

बाहेर पडताना प्रेसवाल्यांसमोरून जावं लागतं. तुला माहीत आहे, मला त्याचीच धास्ती होती. पहिल्या प्रेसवर एक बाई आहे, दोन लेकरांची आई, कुणाचं ऐकून घेणारी नाही. तिनं प्रेस थांबवली. मी म्हटलं, माझ्यामुळे तुमच्या पोटावर पाय येईल, मला माफ करा. ती ताजी रेकॉर्ड उजेडाकडे तिरपी धरून बघत होती. म्हणाली, "सुईवाले, खुणा वाचायला तुम्हीच शिकवलंत की आम्हाला. पहिल्या प्रतीपासून आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही कधी तोंड उघडता, त्याचीच वाट बघत होतो."

सहा महिने, भोंग्या. त्रेचाळीस माणसं ते खोटं माझ्याबरोबर दाबत होती, आणि मी समजत होतो की मी त्यांना वाचवतो आहे.

९ मेला मी येतो. माझी सही माझीच आहे आणि खोटी आहे, हे सांगतो. पण माझ्या शब्दाविरुद्ध माझाच कागद आहे, तेव्हा नुसत्या शब्दानं भागणार नाही. खूण प्रतींवर आहे आणि प्रती तुझ्या लोकांच्या घरात आहेत. फुकट द्यायचं ते चित्र फार सुंदर आहे, मी पाहिलं. लोक भुलतील. तुझा आवाज काढ. ओरड. माझे कान सांभाळायचं आता काही कारण नाही.

सगळं लिही. मी दिव्यासमोर धरलं नाही, तेही लिही.

दादा


श्रोते मंडळाचं पत्रक
३० एप्रिल

सभासदहो,

मागच्या पत्रकात मी जाणत्या साक्षीदाराची भाषा केली होती. तो साक्षीदार माझा थोरला भाऊ आहे, आणि आपण ज्याच्या शोधात होतो तो कारागीरही तोच आहे. आईच्या मेळ्याची टेप त्याच्या हातून नष्ट झाली. ओळखीच्या भरवशावर, रीळ दिव्यासमोर धरून बघायची साधी तपासणी न केल्यामुळे. ती चूक झाकण्यासाठी धुतलेल्या नकलेवरून तबकडी कोरली गेली आणि तिला मूळ म्हणणाऱ्या कागदावर त्यानं सही केली. हे मी त्याच्या सांगण्यावरून लिहिते आहे. त्याची नोकरी गेली आहे. ९ तारखेला तो माझ्या शेजारी उभा राहील. तुम्ही त्याला जे बोलायचं ते बोला, तो ऐकून घेईल. माझं बोलून झालं आहे.

कारखान्यावर बहिष्कार घाला, असं मी म्हणत नाही. तिथे राबणाऱ्या माणसांना मी आपलीच मानते. आपलं मागणं कव्हरापुरतं आहे: जे आत आहे तेच वर छापा.

उद्यापासून दुकानांत जाहिरात लागेल. जुनी प्रत द्या, सुधारित न्या, चित्र फुकट. ती रेकॉर्ड सुधारलेली नाही. फक्त तिच्यावरची खूण पुसलेली आहे, जशी आधी माझी आई पुसली. तुमच्या हातातली प्रत हा या खटल्यातला पुरावा आहे आणि तो तुमच्याच हातांनी, एका चित्राच्या बदल्यात, चुऱ्यात टाकायला तुम्हाला बोलावलं जातं आहे.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. हे पत्रक खाली ठेवा आणि गायनमेळ्याची रेकॉर्ड कव्हरातून काढा. वाजवू नका. दुसरी बाजू वर करा, दिव्यासमोर तिरपी धरा, आणि शेवटची रेघ नि लेबल यांच्यामधली गुळगुळीत पट्टी हळूहळू फिरवत बघा. नखाएवढी खूण दिसेल. जशी दिसेल तशी पोस्टकार्डावर काढा, खाली स्वतःची सही करा आणि आजच्या टपालानं पत्रकाच्या माथ्यावरच्या पत्त्यावर टाका. सुनावणीला मला दोनशे अकरा कार्डं टेबलावर ओतायची आहेत.

माझ्या भावानं एकदा, एकदाच, दिव्यासमोर धरायचं सोडलं. तुम्ही धरा.

अध्यक्षा